मदत हवी आहे: भूऔष्णिक केंद्रात पाणी गरम असतानाच परत जमिनीत का सोडतात?

नमस्कार मंडळी,

भूऔष्णिक विजेबद्दल, म्हणजे जमिनीखालच्या उष्णतेपासून केलेल्या विजेबद्दल, सध्या बरंच वाचतोय, पण एका ठिकाणी गाडी अडली आहे. जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

जमिनीत दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश तापमान वाढतं, ज्वालामुखीच्या पट्ट्यात त्याहून पुष्कळ जास्त. खालून थेट वाफच मिळाली तर ती टर्बाइनवर सोडायची. इटलीत लार्दरेल्लोला १९०४ साली अशा वाफेवर पाच दिवे लागले होते. पाणी दाबाखाली २०० अंशांच्या वर असेल, तर वर येताना दाब उतरतो आणि त्यातल्या काही भागाची वाफ होते. इथवर सगळं कळलं.

घोडं अडतं ते बायनरी केंद्रापाशी. समजा विहिरीतून १२० अंशांचं पाणी आलं. ते टर्बाइनपर्यंत जातच नाही. आपली उष्णता पेंटेनसारख्या लवकर उकळणाऱ्या द्रवाला देतं, टर्बाइन फिरते ती पेंटेनच्या वाफेवर. पाणी ७० अंशांच्या आसपास असतानाच दुसऱ्या विहिरीतून परत खाली जातं. थंड बाजू (जिथे पेंटेनची वाफ परत द्रव होते) ३० अंश धरली तर कार्नोच्या सूत्राने (उष्णतेतून जास्तीत जास्त किती काम मिळेल ते सांगणाऱ्या) कार्यक्षमतेची कमाल मर्यादाच २३ टक्के येते, प्रत्यक्षात त्याच्या जेमतेम निम्मी मिळते. एवढ्या खोलवरून कष्टाने काढलेली उष्णता अशी परत पाठवायची, हे मनाला पटत नाही. पाणी फार थंड केलं की विरघळलेली सिलिका (वाळूत असते ते खनिज) बाहेर पडून नळ्यांत थर धरते, हे कारण वाचलंय. पण पाण्यात सिलिका कमी असेल तर? तरीही ७० ला का थांबायचं?

दुसरी शंका परत सोडलेल्या पाण्याचीच. कॅलिफोर्नियातल्या 'गीझर्स' नावाच्या भूऔष्णिक क्षेत्रात वाफ इतकी उपसली की १९८० च्या दशकाच्या अखेरीस दाब घसरला, वीज घटली; पुढे शहरांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी आत सोडून तो सावरला. म्हणजे उष्णता शिल्लक होती, पाणी संपलं होतं! पण तेच थंड पाणी खडकातल्या भेगांतून उत्पादन विहिरीकडे लवकर पोचलं तर विहीरच थंड पडणार. मग दोन विहिरींतलं अंतर ठरवतात कसं? रंगद्रव्य सोडून पाण्याचा माग काढतात म्हणे, पण विहिरी खणून झाल्यावर ते कळून उपयोग काय?

धूर नाही, इंधन नाही, रात्री खंड नाही, म्हणून या विजेबद्दल फार आस्था वाटते. कुणी जलाशय अभियांत्रिकीत (जमिनीखालच्या गरम पाण्याच्या साठ्यांच्या) काम केलं असेल तर आकडेमोडीसकट सांगा, सूत्रं चालतील.