निवृत्तीनंतर एकट्याने वकिली

प्रश्न: पुढील वर्षी मी नोकरीतून निवृत्त होत आहे. पूरक उत्पन्नासाठी घरूनच मृत्युपत्रे आणि करारनामे करून देण्याचा विचार आहे. एकट्याने वकिली करताना खरा धोका कोठे असतो?

उत्तर १: दावा दाखल करण्याच्या कायदेशीर मुदतीत. दावा मुदतीनंतर दाखल झाला, तर पक्षकाराची बाजू कितीही भक्कम असली तरी तो सहसा फेटाळला जातो, आणि आपण आजारी पडल्यावर डायरी पाहणारे दुसरे कोणीच नसते. कोर्टाची कामे टाळावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर २: मृत्युपत्रही सोपे समजू नये. माझ्याकडे आलेल्या एका मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून लाभार्थ्याचीच, म्हणजे ज्याला मालमत्ता मिळणार त्याचीच, सही होती; अशा साक्षीवर सहज शंका घेतली जाते. पक्षकारांचे पैसे स्वतंत्र खात्यात ठेवावेत. आपल्यामागे फायली कोण सांभाळील, हेही एखाद्या सहकाऱ्याशी लेखी ठरवावे.