शार्त्रचं कॅथेड्रल : संवर्धन की रंगरंगोटी?

उन्हाळी_ढग
फ्रान्समधल्या शार्त्रच्या कॅथेड्रलची आतली सफाई २००९ च्या सुमारास सुरू झाली. मेणबत्त्यांची काजळी, धूळ, धूर निघाल्यावर भिंती फिकट पिवळ्या दिसू लागल्या, वर दगडांचे सांधे दाखवणाऱ्या पांढऱ्या रेघा. हा १३व्या शतकातला मूळ रंग, असं संवर्धकांचं म्हणणं. अमेरिकन वास्तुसमीक्षक मार्टिन फिलर यांनी २०१४ मध्ये या कामावर सडकून टीका केली आणि मी त्यांच्या बाजूने आहे. तिथल्या रंगीत चित्रकाचा अंधारातच खुलतात. ११९४ च्या आगीतून वाचलेली ती मेरीची खिडकी घ्या. लालभडक पार्श्वभूमी, त्यावर फिकट निळा झगा. भोवतीची भिंत उजळली की तो निळा उतरणारच. शिवाय खांबावरची मेरीची काळी मूर्ती आता गोरी! भाविकांना कोणी विचारलं होतं?

दगडी_पाटा
अहो, तो अंधार कोणी बांधला नव्हता, तो साचला. रंगवलेल्या रेघा नीट बघा. खऱ्या सांध्यांशी त्या सगळीकडे जुळत नाहीत. खालचं बांधकाम असमान, म्हणून वरून रंगाने एकसारखे चिरे काढले. म्हणजे बांधणाऱ्यांना उघडा दगड दाखवायचाच नव्हता. तुम्हाला आवडते ती गूढ काळोखी आपल्या मनातल्या 'मध्ययुगा'ची आहे, त्यांच्या नव्हे. आणि काचाही धुतल्यात, बाहेरून संरक्षक काच बसवली आहे. निळा उतरला कुठे?

वाटसरू
+१ दगडी_पाटा. वणीच्या सप्तशृंगीचा शेंदूर २०२२ मध्ये उतरवला तेव्हा मूर्तीचं वेगळंच रूप समोर आलं. तेही भाविकांनी डोळे भरून पाहिलंच की.

उन्हाळी_ढग
वाटसरू, तिथे थर काढला. इथे काढून थांबले नाहीत, चेहरा नव्याने रंगवला. फरक आहे.

खडूची_रेघ
दोघांनाही एक विचारते. मूळ म्हणजे कुठल्या शतकाचं? मुख्य दालनात १३वं शतक हवं. वेदीकडच्या भागात मात्र १८व्या शतकातल्या धर्मगुरूंनी गॉथिक (मध्ययुगीन शैलीच्या) खांबांवर चढवलेला संगमरवरी थाटाचा गिलावा तसाच ठेवून उजळवला. याच मंडळींनी १७६३ मध्ये १३व्या शतकातली कोरीव दगडी आडभिंत पाडली होती, तरी त्यांचं काम 'इतिहास' म्हणून राखायचं. मेरीची मूर्ती तर १६व्या शतकातली. एका छताखाली तीन 'मूळ' झाले! जुन्या वास्तूंच्या जतनासाठीची १९६४ ची आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनद म्हणते, प्रत्येक काळाच्या योगदानाचा मान राखा. मग कोणत्या नियमाने कुठला थर ठेवला, हे कोणी सांगेल का?

दगडी_पाटा
सनदेत योगदान म्हटलंय. काजळी हे कोणाचं योगदान? गिलावा माणसाने विचार करून केला, आवडो न आवडो. मला तो भिकार वाटतो, पण खरवडला असता तर खालचे खांब जखमी झाले असते. जे सुरक्षितपणे काढता येतं ते काढलं, मला यात विसंगती दिसत नाही. मूर्तीबद्दल मात्र उन्हाळी_ढग यांचं काही अंशी पटतं. तपासणीत काळा रंग नंतरचा ठरला असेल, तरी पिढ्यान्‌पिढ्या लोक त्या काळ्या चेहऱ्यापुढेच मेणबत्त्या लावत आले.

खडूची_रेघ
मग काजळीही त्याच मेणबत्त्यांची ना? मूर्तीला एक न्याय, भिंतीला दुसरा. निदान एखादा खण काळा ठेवायचा होता, बघणाऱ्याने स्वतःच ताडून पाहिलं असतं.