राजमा आधी उकळाच
कडधान्यं भिजवून थेट स्लो कुकरमध्ये (मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं) टाकली तरी चालतात, असं एका लेखात वाचलं. मसुराला ठीक आहे, राजम्याला अजिबात नाही. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन हे विषारी प्रथिन असतं आणि मंद आचेवर ते पुरतं नष्ट होत नाही, उलट्या-जुलाब होतात. भिजवलेलं पाणी ओतून टाका, ताज्या पाण्यात किमान 10 मिनिटं खळखळून उकळा, मगच स्लो कुकरमध्ये घाला.

बाकी स्लो कुकरच्या प्रेमात मीही पडलेय. ऐरोलीहून सकाळी निघताना काळ्या वाटाण्यांना उकळी काढून उसळ लावते, कांदा-खोबऱ्याचं वाटण आदल्या रात्रीच खमंग परतलेलं. संध्याकाळी दार उघडायच्या आधीच जिन्यात वास! दाणा अख्खा, पण बोटानं दाबला की लोणी. आमसूल मात्र शेवटी, आंबटानं वाटाणे कडकच राहतात.