पिंपल्सच्या गोळीने ट्रायग्लिसराइड वाढलंय, गोळी बंद करू का?

सातारची_आई:
मुलगा 22 वर्षांचा. गालावर नि पाठीवर मोठमोठे पिंपल्स, म्हणून स्किनच्या डॉक्टरांनी आयसोट्रेटिनॉइन 20 सुरू केलीय, दोनेक महिने झाले. चेहरा खरंच निवळलाय पण परवाचा लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) बघून धसकाच घेतला मी. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) आधी 140 होतं ते 342, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल 104 चं 131, एचडीएल म्हणजे चांगलं 48 वरून 41. डॉक्टर पुढच्या आठवड्यात भेटणार. ह्यांची कोलेस्टेरॉलची गोळी अटॉरवास्टॅटिन चालू आहे, त्यातलीच अर्धी द्या म्हणतात सासूबाई. आणि गोळी तुपातेलाच्या जेवणासोबत घ्यायला सांगितलीय, मग आता तेल बंद करू की नको??

लॅबवाला_दादा:
ताई, रक्त किती तास उपाशी राहून दिलं? ट्रायग्लिसराइडला 10-12 तास लागतात. आमच्याकडे रात्री उशिरा दाबून जेवून आलेल्यांची ट्यूब फिरवली की वरचं सिरम कधीकधी चक्क दुधाळ दिसतं. आणि बऱ्याच रिपोर्टात एलडीएल मोजलेलं नसतं, टोटल कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करून काढतात. ट्रायग्लिसराइड 400 च्या वर असलं तर तो हिशोब धरतच नाहीत.

सातारची_आई:
विचारलं आत्ता. रात्री एक वाजता पावभाजी आणि कोल्ड्रिंक, सकाळी आठला रक्त. काय बोलायचं याला 🤦‍♀️

मिरजेची_फार्मसिस्ट:
मग नीट उपाशी राहून परत करा. पण सगळं पावभाजीवर ढकलू नका, ही गोळी ट्रायग्लिसराइड वाढवते, एलडीएल थोडं वाढवते, एचडीएल खाली आणते, म्हणून तर मधेमधे तपासायला सांगतात. बहुतेकांचं कोर्स संपल्यावर जागेवर येतं. साधारण 500 च्या पुढे गेलं तर डॉक्टर डोसचा विचार करतात, त्याहून खूप वाढलं तर स्वादुपिंडाला सूज यायची भीती, त्यामुळे पोटात जोरात दुखून उलट्या झाल्या तर गोळी थांबवून लगेच दाखवा.
ह्यांची गोळी अजिबात देऊ नका हं. स्टॅटिनचं मुख्य काम एलडीएलवर, ट्रायग्लिसराइडवर त्यामानाने कमी, आणि स्नायू दुखणं दोन्ही गोळ्यांनी होऊ शकतं, मग कुठल्याने दुखतंय ते कळायचं कसं?
तेलाचं म्हणाल तर ही गोळी स्निग्ध जेवणासोबतच नीट शोषली जाते, रिकाम्या पोटी बरीचशी वाया. पोळीभाजी-आमटीचं नेहमीचं जेवण पुरतं. बंद करायचं ते कोल्ड्रिंक, मिठाई, मैदा आणि (घेत असेल तर) दारू, ट्रायग्लिसराइड त्यानेच चढतं जास्त.

सातारची_आई:
दारू नाही घेत, म्हणजे निदान मला तरी माहीत नाही 😅 जिममधल्या कोणीतरी कॉडलिव्हर ऑइलच्या कॅप्सूल दिल्यात, त्या चालतील ना?

मिरजेची_फार्मसिस्ट:
नको. त्यात व्हिटॅमिन ए असतं आणि आयसोट्रेटिनॉइन त्याच घराण्यातली, दोन्ही मिळून जास्त होतं. बाटली डॉक्टरांकडे घेऊन जा, प्रोटीन पावडरचा डबापण.