जून कासाई खरंच मोठा पैलवान आहे का?

उत्तररात्र:
जपानी व्यावसायिक कुस्तीत डेथमॅच, म्हणजे काच, पाती, काटेरी तार अशी हत्यारं चालणारे सामने, लढणाऱ्या जून कासाईचं नाव निघालं की लोक दोनच गोष्टी बोलतात, त्याची पाठ आणि त्याचं रक्त. पाठ आहेच तशी. मानेपासून कमरेपर्यंत व्रणावर व्रण, कोरी जागा शोधावी लागते. पण होक्काइदोतल्या ओबिहिरोचा हा माणूस १९९८ साली बिग जपान या कुस्ती-संघटनेत उतरला आणि पन्नाशी गाठूनही फ्रीडम्स या संघटनेत मुख्य सामने लढत राहिला. नुसता मार खाणारा इतका टिकत नाही. मार कधी खायचा हे कळणारा टिकतो.

२० नोव्हेंबर २००९ चा र्‍युजी इतोविरुद्धचा सामना घ्या. योकोहामा बुंका जिमनॅशियम, दाढीची पाती ठोकलेल्या फळ्या आणि काचेचे तक्ते. टोक्यो स्पोर्ट्स या वृत्तपत्राने तो त्या वर्षीचा सर्वोत्तम सामना ठरवला, म्हणजे न्यू जपान, ऑल जपान, नोआ या सगळ्या मोठ्या संघटनांच्या सामन्यांना मागे टाकून. कासाई हरला तरी.

त्याच्या सामन्यात एक गोष्ट हमखास दिसते. फळी कोपऱ्यात उभी असते. कासाई तिच्याकडे ढकलला जातो, दोरीला धरून वीतभर अलीकडे थांबतो, वळतो. असं दोनदा-तीनदा होतं. तोवर सगळ्या सभागृहाची नजर त्या फळीवर खिळलेली असते. मग तो पडतो तेव्हा लोक जागेवरून उठतात. डेथमॅचमध्ये हे कसब फार थोड्यांकडे आहे, आणि माझ्या मते त्यात तो पहिला.

सरळरेषा:
मला पटत नाही. पैलवानाची पारख करायची तर हत्यारं बाजूला काढून करा. कासाईकडे मग काय उरतं? वरच्या दोरीवरून अंगावर झेप (पर्ल हार्बर स्प्लॅश), उचलून आपटणं (रिव्हर्स टायगर ड्रायव्हर), दंडाचा फटका (लॅरियट), डोक्याची टक्कर. जमिनीवरची पकड जवळजवळ नाही. सुरुवातीची पाच मिनिटं मनगटाची ओढाताण दाखवतो ती केवळ रीत म्हणून.

याउलट दुसरा डेथमॅच पैलवान मासाशी ताकेदा बघा. कियोशी तामुरा या पैलवानाच्या यू-फाइल कँप या आखाड्यात तयार झालेला. हात पिरगळायचा तर कोपर आधी पोटाशी घट्ट धरून, मग कंबर फिरवून. सुप्लेक्स, म्हणजे समोरच्याला उचलून मागे आपटण्याचा डाव, मारताना अंगाची कमान शेवटपर्यंत मोडत नाही. तो काचांवर सुप्लेक्स मारतो तेव्हा आधी सुप्लेक्स असतो, काच नंतर येते. कासाईच्या बाबतीत काचच डाव असते.

गिरमिट:
सरळरेषा, “काचच डाव” म्हणताय, पण ती काच नीट वापरणं म्हणजे काय ते बघा.

डेथमॅचमधली ट्यूब म्हणजे नेहमीची फ्लुरोसंट नळी, चार फुटी किंवा दोन फुटी. काच एक मिलिमीटरपेक्षाही पातळ. आत हवेचा दाब अगदी कमी, म्हणून फुटताना नळी आतल्या बाजूला कोसळते आणि तो मोठा आवाज येतो. पांढरा धूर दिसतो ती आतल्या लेपाची भुकटी. मारायचं ते नळीच्या मधल्या भागाने, सपाट, पाठीच्या वरच्या भागावर किंवा छातीवर. टोकाची धातूची टोपी लागली तर काच फुटत नाही, हाडाला मार बसतो. मानेची बाजू, काख, मनगटाची आतली बाजू या जागा वर्ज्य, कारण तिथे मोठ्या रक्तवाहिन्या कातडीलगत असतात.

पण खरा घात फटक्याने होत नाही, नंतर होतो. चटईवर चुरा पसरतो आणि गुडघे, कोपर, तळवे त्यावर घासतात. काचेवर सपाट पडलं तर बारीक उथळ चिरा येतात, घसरत पडलं तर तोच तुकडा लांब आणि खोल कापत जातो. पडताना हनुवटी छातीला, दोन्ही खांदे एकदम टेकवायचे, पडल्यावर सरकायचं नाही. कासाई उठतो कसा ते बघा. लोळून कुशीवर येत नाही. आधी धड उचलतो, मग पाय खाली घेतो. हा बारकावा डोळ्यांत भरत नाही, पण पंचवीस वर्षं टिकला तो यानेच.

काटेरी तारेचं गणित उलटं. काटा आकड्यासारखा अडकतो. ज्या दिशेने शिरला त्याच दिशेने मागे काढला तर भोक राहतं. प्रतिस्पर्ध्याने घाईत ओढलं तर कातडी तिकोनी फाटते आणि टाका नीट बसत नाही. पात्याची जखम स्वच्छ असते, सुरुवातीला दुखतही नाही, पण रक्त थांबत नाही. प्रत्येक हत्याराचा वेग वेगळा, आणि कासाई तो वेग ओळखून चालतो. हात पिरगळण्याइतकंच हेही शिकावं लागतं.

पाणीदार:
कसब आहे, मान्य. पण त्या कसबाची किंमत कोण मोजतं? ७ मे २०१९ ला न्यू जपानचा एल देस्पेरादो कासाईशी लढला आणि त्याचा जबडा मोडला. न्यू जपानची बेस्ट ऑफ द सुपर ज्युनिअर्स स्पर्धा हुकली, त्याच्या जागी दुसऱ्याला घेतलं. समोरच्याला सुखरूप घरी पाठवणं ही पैलवानाची पहिली जबाबदारी, मग सामना कितीही गाजो.

आणि रक्ताचं काय? हिपॅटायटिस बी आणि सी रक्तातून पसरतात. एकाच फळीवर दोघांची जखम घासली जाते. २०१४ मध्ये ओंटारिओच्या न्यायालयाने अब्दुल्ला द बुचर या पैलवानाला दुसऱ्या एका पैलवानाला हिपॅटायटिस सीची लागण केल्याबद्दल जबाबदार धरून तेवीस लाख डॉलर भरपाई द्यायला लावली. ट्यूबमध्ये काही मिलिग्रॅम पाराही असतो, आणि बंद सभागृहात एका सामन्यात डझनांनी ट्यूब फुटतात. या सगळ्यावर टाळ्या वाजवताना मला जड जातं.

उत्तररात्र:
पाणीदार, रक्ततपासणी सक्तीची हवी, यात दुमत नाही. कुठल्याही संघटनेने त्यात सूट घेऊ नये.

पण देस्पेरादोचा पुढचा भागही सांगा. १२ सप्टेंबर २०२२ ला टोक्योच्या कोराकुएन हॉलमध्ये तो पुन्हा कासाईशी लढला आणि जिंकला. सामना संपल्यावर रक्ताने माखलेल्या कासाईने त्याला खडसावलं ते मेलो तरी चालेल या भावनेने रिंगमध्ये उतरल्याबद्दल. जिवंत परत जाणं म्हणजे डेथमॅच, ही त्याची जुनी भूमिका. ज्याला तुम्ही बेपर्वा म्हणता तोच हे बजावत होता.

जुनीपट्टी:
डेथमॅच लोकप्रिय करणाऱ्या अत्सुशी ओनिताशिवाय ही चर्चा अर्धी आहे. ४ ऑगस्ट १९९० ला शिओदोमेत टार्झन गोतोविरुद्ध पहिला स्फोटक काटेरी तारेचा सामना, तोही त्या वर्षीचा सर्वोत्तम. ५ मे १९९३ ला कावासाकी स्टेडियममध्ये टेरी फंकला हरवल्यावर रिंगमधला टाइमबॉम्ब फुटायच्या आत ओनिता त्याला वाचवायला फंकच्या अंगावर आडवा झाला. डावांच्या मोजदादीत ओनिता कासाईच्याही मागे, तरी स्टेडियम भरायचं. लोकांना गोष्ट कळत होती म्हणून.

त्याच गोष्टीचं सामान बिघडलं तर काय होतं तेही दिसलं. ७ मार्च २०२१ ला अमेरिकेत एईडब्ल्यू या संघटनेत केनी ओमेगा आणि जॉन मॉक्सली यांच्या स्फोटक सामन्यानंतर एडी किंग्स्टन तसाच मॉक्सलीवर आडवा झाला आणि शेवटचा स्फोट फुसका निघाला. अर्ध्या तासाची मेहनत दहा सेकंदांत वाहून गेली. कासाईच्या फळीला वात लागत नाही, ती दगा देत नाही, हे मात्र त्याच्या बाजूने.

सरळरेषा:
गिरमिट, उठण्याबद्दलचं तुमचं निरीक्षण बरोबर आहे. २००९ चा सामना परत लावला, तिथेही तो तसाच उठतो. तेवढं माझं म्हणणं मागे घेतो. ताकेदाबद्दलचं घेत नाही.

आता एक प्रश्न उरतो. पाऱ्याचा वापर रोखणाऱ्या आंतरराष्ट्रीय मिनामाता कराराप्रमाणे २०२७ अखेर फ्लुरोसंट नळ्यांचं उत्पादन आणि आयात-निर्यात बंद होणार आहे. एलईडी नळी तशी फुटत नाही, धूर नाही, तो आवाज नाही. साठा संपला की ट्यूबवर उभा असलेला अर्धा डेथमॅच जातो. तेव्हा ताकेदाकडे सुप्लेक्स असेल. कासाईकडे काय असेल?

उत्तररात्र:
बांबूच्या काड्या. मूठभर घेऊन समोरच्याच्या डोक्यात रोवतो, आणि त्यासाठी तो प्रेक्षकांना आधी तेवढंच ताटकळत ठेवतो.