मदत हवी आहे: कांगल, ग्रेट डेन की सेंट बर्नार्ड? रविवारपर्यंत सांगा

पाटाकडचा
मोठ्यात मोठा कुत्रा घ्यायचाय. कांगल, ग्रेट डेन नाहीतर सेंट बर्नार्ड, यातलं एक ठरवायचंय. पिल्लं देणारा रविवारी येतोय, पाच हजार विसार दिलाय. सगळ्यात दांडगा आणि कुणाला न भिणारा कुठला तेवढं सांगा. जुने धागे वाचा म्हणू नका, वाचलेत. सगळीकडे लॅब्राडॉरचे केस गळतात हेच आहे.

सोनचाफा
राहता कुठे? फ्लॅट की बंगला? घरात लहान मुलं आहेत का? आमच्याकडे आठ वर्षं ग्रेट डेन होता. त्याला बघून लोक रस्ता बदलायचे, आणि फटाका वाजला की हा पलंगाखाली घुसायचा. मावायचं फक्त डोकं. बाकी सगळा बाहेर थरथरत उभा.

पाटाकडचा
स्वतःचं घर आहे. राखणीला हवाय. प्रश्नाचं उत्तर द्या ना ताई.

रिकामटेकडा
ग्रेट डेन डेन्मार्कचा, थंडीतला कुत्रा. आपल्याकडे नको.

खवचट_काका
डेन्मार्कचा काडीचा संबंध नाही. कुत्रा जर्मन. रानडुकराच्या शिकारीला वापरायचे. ब्यूफाँ नावाच्या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने अठराव्या शतकात त्याला ‘ग्रां दान्वा’, म्हणजे मोठा डेनिश, म्हटलं आणि इंग्रजीत तेच चिकटलं. जर्मन लोक आजही ‘डॉइचे डॉगे’ म्हणतात. आणि थंडीचं म्हणाल तर त्याच्या अंगावर केस असतात बोटाच्या पेरापेक्षा आखूड. थंडीत त्यालाच स्वेटर लागतो.

रिकामटेकडा
बरं, जर्मन. तरी नकोच.

मी_पण_श्वानप्रेमी
सोसायटीवाले त्रास देत असतील तर ऐकून घेऊ नका. भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आहेत. कुत्रा मोठा आहे म्हणून बंदी घालता येत नाही, लिफ्टही अडवता येत नाही. छापून सेक्रेटरीच्या हातात द्या.

पाटाकडचा
सोसायटी कुठून आली मध्येच? लिफ्ट नाही आमच्याकडे. जिना पण नाही.

वाघरवाला
दादा, राखण कशाची करायची आणि कशापासून, हे दोनच सांगा. चोरापासून, लांडग्यापासून की आणखी कशापासून? आमच्या घरात तीन पिढ्या मेंढरं आहेत म्हणून विचारतो.

पाटाकडचा
जुन्नर तालुका. चौदा शेळ्या, सहा करडं, दोन गाई. घराच्या तिन्ही बाजूंनी ऊस. वाघ येतो. दिवाळीत आमचा मोती नेला, साखळी तेवढी राहिली. परवा गोठ्याच्या पत्र्यावर रात्रभर चालत होता. हे काय वेगळं सांगायला पाहिजे का?

खवचट_काका
जुन्नरला वाघ नाही. बिबट्या.

पाटाकडचा
काका, तुम्ही बिबट्या म्हणा. आमची आई वाघच म्हणते आणि रात्री कडी लावायला तीच उठते.

अण्णा_दुबईकर
मग डोळे झाकून कांगल घे. तुर्कस्तानातल्या शिवास प्रांतातला, मेंढ्या राखायलाच तयार झालेला कुत्रा. पन्नास-साठ किलो वजन, काळं तोंड. लांडग्याला पुरून उरतो. नामिबियात चित्ता संवर्धनवाले १९९४ पासून शेतकऱ्यांना त्याचाच भाऊबंद असलेले अ‍ॅनाटोलियन कुत्रे देतात. शेळ्या वाचल्या आणि चित्त्यांना गोळ्या घालणंही कमी झालं. इंटरनेटवर व्हिडिओ बघ.

ढोरांचा_डॉक्टर
अण्णा, व्हिडिओ बाजूला ठेवा. चित्ता भांडणाच्या फंदात पडत नाही. मोठा कुत्रा भुंकला की पाय दुखावण्यापेक्षा तो निघून जातो, म्हणून तिथे जमलं. बिबट्याला कुत्रा ही धास्ती नाही, जेवण आहे. शेजारच्या अकोले तालुक्यात विष्ठेवरून अभ्यास झाला होता, त्यात बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के कुत्री निघाली. शेळ्या त्याहून कितीतरी कमी. पाटाकडचा, तुमच्या मोतीला शेळ्यांसाठी नेलं नाही. बिबट्या मोतीसाठीच आला होता.

अण्णा_दुबईकर
मोती गावठी असेल, पंधरा किलोचा. कांगलची गोष्ट वेगळी.

ढोरांचा_डॉक्टर
साठ किलोचा कांगल व्हायला दीड-दोन वर्षं लागतात. रविवारी येणारं पिल्लू पाच-सहा किलोचं असेल. तोवर त्याची राखण कोण करणार?

वाघरवाला
डॉक्टर बरोबर बोलतात, त्यात माझं थोडं. राखणीचा कुत्रा जातीने होत नाही, वाढवण्याने होतो. डोळे उघडल्यापासून मेंढरांत वाढला तर मेंढरं त्याला आपली वाटतात. दारात बांधून भाकरी घातली की तो माणसांचा होतो, मग गोठ्यात काय चाललंय याचं त्याला सोयरसुतक नाही. आणि एकटा कुत्रा कधीच पुरत नाही. आमच्या वाड्यावर चार असतात. वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीची जाळी, लावली की मेंढरं आत, कुत्री बाहेर चार कोपऱ्यांना, नि आम्ही मध्ये झोपतो. कुत्र्याचं काम भुंकून आम्हाला उठवणं. पुढचं काठी आणि बॅटरीचं. तिकडे हिमाचलात गद्दी लोक कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा घालतात, कारण बिबट्या मान धरतो. साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पट्टाही वाचवत नाही.

कारवानप्रेमी
परदेशी कशाला? आपला कारवान घ्या! उंच, काटक, उन्हात पळणारा. लातूरकडचा अस्सल. नाहीतर मुधोळ, २०१६ मध्ये लष्कराने मेरठला नेऊन शिकवलाय.

खवचट_काका
कारवान आणि मुधोळ हे नजरेने शिकार करणारे कुत्रे. सशामागे सुटतील. गोठ्याला पहारेकरी म्हणून ठेवले तर पहिला ससा दिसेपर्यंतच. धागा बिबट्याचा आहे, अभिमानाचा नाही.

कारवानप्रेमी
तुम्हाला प्रत्येक धाग्यावर हेच सुचतं का?

सोनचाफा
सेंट बर्नार्डचं कुणीच बोललं नाही. स्वित्झर्लंड-इटलीच्या सीमेवरच्या खिंडीत, २,४६९ मीटरवर, मठातल्या साधूंनी बर्फात वाट चुकलेल्यांसाठी सांभाळलेली जात. बॅरी नावाच्या कुत्र्याने चाळीसेक माणसं वाचवल्याचं सांगतात, बर्नच्या संग्रहालयात त्याला पेंढा भरून ठेवलंय. स्वभाव असा की चोरालाही वाट दाखवेल. मे महिन्यात तुमच्या पत्र्याच्या गोठ्यात त्या बिचाऱ्याला मारू नका हो.

ढोरांचा_डॉक्टर
ग्रेट डेनही नको. आयुष्य सात-दहा वर्षं, छाती खोल, पोटाला पीळ पडला तर काही तासांत ऑपरेशन लागतं. रात्री दोनला तालुक्यात कोण करणार? मला गाईचं बाळंतपण सांगा, येतो. डेनचं पोट सांगू नका. आणि त्या कांगलवाल्याकडे आईबापांची कागदपत्रं आहेत का? त्याच्याकडे अस्सल कांगल असेल हे मला तरी पटत नाही.

रिकामटेकडा
कांगलवर सरकारची बंदी आहे ना?

खवचट_काका
मार्च २०२४ मध्ये केंद्राने २३ जातींवर बंदी घाला असं राज्यांना कळवलं होतं, यादीत कांगल होता. कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये ते परिपत्रक रद्द केलं. अर्धं वाचून लिहू नये.

वाघरवाला
दादा, गोठा कसा आहे? भिंत आणि पत्रा यांच्यात फट आहे का?

पाटाकडचा
आहे. हात-दीड हात. हवा खेळायला ठेवलीय.

वाघरवाला
मग तो तिथूनच उतरणार. पत्र्यावर चालत होता तो तीच बघत. आधी ती बुजवा.

ढोरांचा_डॉक्टर
वेल्डमेश लावा, हवाही राहील. करडं रात्री आतल्या खोलीत घ्या. गोठ्याला लागून ऊस असेल तर दोन-तीन सऱ्या मोकळ्या ठेवा. कधी शेळी गेलीच तर वनखात्याला लगेच कळवून पंचनामा करा, नाहीतर भरपाई मिळत नाही.

पाटाकडचा
बरं. पिल्लूवाल्याला फोन केला. आईबाप कोण विचारलं तर म्हणे बाप रशियाचा. विसार परत देत नाही म्हणतो. गेले पाच हजार. जाळी दोन इंची घेऊ की एक इंची? आणि आई म्हणते गावठी का होईना, भुंकायला एक हवाच. त्याला रात्री घरात घेतलं तर चालेल का?

वाघरवाला
घरातच घ्या. आतून भुंकलेलं पण ऐकू येतं. जाळी दोन इंची चालेल, तार जाड बघा. बुजवताना वरचा कोपरा विसरू नका.

नवा_सभासद
नमस्कार, धागा आवडला. ग्रेट डेनचं पिल्लू पुण्यात कुठे मिळेल? टू बीएचके आहे, चौथा मजला.

मी_पण_श्वानप्रेमी
लिफ्टबद्दल वर लिहिलंय बघा.