५२ − २७ = ३५ का येतं?
दुसरीतला मुलगा ५२ − २७ चं उत्तर ३५ लिहितो, त्याला निष्काळजीपणा म्हणू नका. तो प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतोय: सातातून दोन गेले, पाच. अशा वेळी हातचा पुन्हा पुन्हा समजावून काही होत नाही, दशक सुटताना डोळ्यांना दिसावा लागतो. पुण्यातल्या आप्पा बळवंत चौकातून आइस्क्रीमच्या काड्यांचं पाकीट आणा, दहा-दहाचे गठ्ठे रबरबँडने बांधा. पाच गठ्ठे, दोन सुट्या. 'यातल्या सत्तावीस दे' म्हटलं की सुट्या सात निघत नाहीत, तो अडतो. गठ्ठ्याचं रबर त्यालाच काढू द्या, आपण हात लावायचा नाही. आता चार गठ्ठे, बारा सुट्या. आठवडाभर रोज चार-पाच गणितं काड्यांवरच, वही बंद. उभी मांडणी थेट शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर.

आणखी एक तपासा: 'बावन्न' ऐकून तो २५ तर लिहीत नाही ना? मराठीत एकक आधी बोलतात. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'पन्नास दोन' असं वाचन दिलं तेव्हा केवढी थट्टा झाली, पण अडचण खरी आहे. एकोणसाठ ऐकून ६९ लिहिणारी मुलं तर प्रत्येक वर्गात असतात.